सव्वापट

सकाळी निघताना सासूबाईंनी रोजच्यासारखं विचारलं, "बरी आहेस ना?"

"बरी आहे," मीही रोजच्यासारखं सांगितलं.

हा आमचा ठरलेला व्यवहार. त्या विचारतात, मी उत्तर देते आणि कुणीच कुणाकडे नीट बघत नाही. नवरा गेल्यापासून हे असंच चाललं होतं. सासूबाई रडायच्या. कांदा चिरताना, कपडे वाळत घालताना, टीव्हीवर कुणी जोरात हसलं तरी. मला रडू येत नव्हतं. सुरुवातीला नातेवाईक म्हणाले, "धीराची आहे हो." मग काही जणी म्हणायला लागल्या, "जरा जास्तच धीराची आहे." त्यांचं काही चूक नव्हतं. मला खरंच काही वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग गाल कसा आपला वाटत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. चहा गरम आहे की गार, हे मी वाफेकडे बघून ठरवत होते.

त्या दिवशी मात्र सासूबाई दारापर्यंत आल्या. बाहेर बारक्या गाडीत पट्टे आणि दोर टाकत होता. त्यांनी माझं मनगट धरलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "एकच उरलाय मला. जसा नेतेस तसा आण."

"आणते," मी म्हटलं. येताना दूध आण म्हटल्यावर म्हणावं, तसंच म्हटलं.

बारक्या म्हणजे माझा धाकटा दीर. दारातून आत येताना त्याला वाकावं लागतं, तरी तो बारक्याच. घरात धाकट्याने जन्म घेतला की त्याचं नाव ठरून जातं, मग त्याने ताडाएवढं वाढून दाखवलं तरी उपयोग नसतो.

आमचा धंदा झाडं काढायचा. जी सरळ पाडता येत नाहीत, ती झाडं. आजूबाजूला दुकानं, गोदामं, हॉटेलं, खाली गाड्या, वरून तारा आणि मधे एक म्हातारं झाड, जे कुठल्याही बाजूला कलंडलं तरी कुणाचं तरी दिवाळं निघणार. असं झाड पाडत नाहीत, उचलतात. वर चढलेला माणूस एका तुकड्याला पट्टा बांधतो, क्रेन तो तुकडा वरून धरून ठेवते, माणूस करवत चालवतो आणि सुटलेला तुकडा हवेतून नेऊन बाजूला ठेवायचा. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत हेच. नवरा वर चढायचा आणि मी क्रेन चालवायचे. लग्नाआधी मी बंदरावर क्रेनवर होते. तो एकदा क्रेन भाड्याने मागायला आला. "क्रेन परत केली, ऑपरेटर ठेवून घेतली," असं तो भेटेल त्याला सांगायचा. दर वेळी तोच विनोद आणि दर वेळी मी हसायचे.

या कामात एक शब्द फार जपून वापरतात. 'घेतलं.' पट्टा बांधून झाला की चढणारा वॉकीटॉकीवर वजनाचा अंदाज सांगतो. मी तेवढा ताण दोरावर आणते, स्क्रीनवर आकडा बघते आणि म्हणते, "घेतलं." म्हणजे हा तुकडा आता माझा, तू काप. ते ऐकल्याशिवाय करवत सुरू होत नाही. ताण कमी पडला तर तुकडा कापता कापता दबतो, करवत अडकते आणि लाकूड माणसावर येऊ शकतं. ताण जास्त झाला तर सुटताक्षणी ते वर उसळतं आणि मग कुणाला लागेल ते सांगता येत नाही. खरं वजन स्क्रीन दाखवते, पण ते कापून झाल्यावर. तोपर्यंत सगळी मदार चढणाऱ्याच्या नजरेवर.

आणि माझ्या नवऱ्याची नजर हातचं राखून होती. तो आठशे किलो म्हणाला की तुकडा हजार भरायचा. यात लबाडी नव्हती, माणूसच तसा होता. "थोडा उशीर होईल" म्हणजे आम्ही जेवून झोपावं. "जरा भूक लागलीय" म्हणजे सकाळपासून पोटात काही नाही. माझ्याबद्दल कुणाला सांगायचं झालं तर म्हणायचा, "ठीक चालवते क्रेन," आणि ते ऐकून मी आठवडाभर जमिनीवर नसायचे. तेव्हा त्याचा एक म्हणजे माझा सव्वा. हे आम्ही कधी बोलून ठरवलं नाही. पहिल्या चार-दोन झाडांवर स्क्रीन बघून मला कळलं आणि तेव्हापासून तो सांगेल त्याच्या सव्वापट ताण मी घ्यायला लागले. त्याला हे माहीत होतं का? असणारच. पण त्याने शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही.

मग त्याला 'जराशी सर्दी' झाली. छातीला निलगिरीचा बाम चोळून तो आणखी दोन झाडं चढला. "कणकण आहे" म्हणाला तेव्हा अंग तव्यासारखं तापलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." जन्म झाडांवर काढलेला माणूस अंथरुणात गेला. हे ऐकून लोक बुचकळ्यात पडतात. झाडावरून पडून गेला असता, तर त्यांना समजायला सोपं गेलं असतं.

तर त्या दिवशी बारक्या पहिल्यांदाच भावाच्या जागी, एकटा वर जाणार होता. आतापर्यंत तो दादाच्या हाताखाली असायचा, लहान फांद्या तोडायचा, पट्टे वर पोचवायचा.

झाड निलगिरीचं होतं. एका तीन मजली बाजारसंकुलाच्या मागच्या अंगणात, एसीच्या यंत्रांच्या रांगेशेजारी ते उभं होतं. इमारतीच्या आधीपासूनचं. मुळांनी अंगणातल्या फरशा उचलल्या होत्या, बुंध्याला एका बाजूने बुरशी लागली होती आणि मागच्या वादळात मधल्या फाट्याला चीर गेली होती. ती चीर नेमकी फर्निचरच्या दुकानाच्या काचेच्या छपराकडे तोंड करून होती. मागच्या बोळातून क्रेन जाणं शक्य नव्हतं, म्हणून ती पुढच्या रस्त्यावर लावली. चारही पाय बाहेर काढून त्यांच्याखाली जाड लाकडी पाटे टाकले, रस्ता अडवला आणि बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, इमारतीच्या डोक्यावरून पलीकडे नेला. झाड मागे, मी पुढे, मधे तीन मजले. केबिनमधून मला गच्चीच्या कठड्यावर डोकावणारी फक्त पानं दिसत होती. बाकी सगळं कानावर.

मागे अंगणात मामा उभा होता. मामा कुणाचाच सख्खा मामा नाही, पण या धंद्यात तो आमच्या आधीपासून आहे. खाली कुणाला फिरकू द्यायचं नाही आणि मला जे दिसत नाही ते सांगायचं, हे त्याचं काम. पुढे रस्त्यावर तुकडे उतरवून घ्यायला दोघे हमाल होते. सगळी इमारत रिकामी केली होती. डोक्यावरून लाकूड जाणार म्हटल्यावर आत माणूस ठेवत नाहीत.

हे संकुलाच्या मॅनेजरला पटलं होतं, पण पचलं नव्हतं. आम्ही दिलेलं हेल्मेट उलटं घालून तो माझ्या केबिनखाली फेऱ्या मारत होता.

"दुपारपर्यंत होईल ना? दुकानदार माझा जीव खातायत."

"झाडाला विचारून सांगते."

"मला वाटतं आधी बुंध्याकडून घ्या. पटकन होईल."

"बुंधा आधी काढला तर वरचं कुठे ठेवू? तुमच्या ऑफिसात?"

तो समोरच्या चहाच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकायला लागला. मी काच वर केली.

"वहिनी, पोचलो," वॉकीटॉकीवर बारक्याचा आवाज आला. "इथून तुझी क्रेन खेळण्यातली दिसतेय."

"बेल्ट?"

"दोन्ही लावलेत. एक झाडाला, एक वर. आई, तुझी शपथ."

"मी आई नाही."

"आवाज तसाच काढलास की."

मामा मागून खोकला. हा त्याचा हसण्याचा प्रकार.

शेंड्याचे तुकडे निघायला लागले. हलके होते. बारक्या आकडा सांगायचा, मी त्यात पाव मिळवायचे, म्हणायचे "घेतलं," करवत ओरडायची, तो म्हणायचा "सुटलं," आणि कठड्यावरून पाल्याचा मोठा झुबका वर यायचा. मी तो वळवून रस्त्यावर उतरवायचे. बोटं दांड्यांवर आपोआप चालत होती. महिनोन्महिने न उच्चारलेला तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा आत काहीतरी होईल असं मला वाटलं होतं. काही झालं नाही. तोंडातून शब्द गेला, एवढंच.

हमालांपैकी एक जण म्हणाला, "काय वास सुटलाय! सगळ्या गल्लीचं नाक मोकळं झालं." मी काच खाली करून श्वास घेतला. मला कसलाच वास आला नाही.

प्रत्येक तुकडा सुटताना दोर किंचित उसळत होता. ते मी पाहिलं. पाला वाऱ्यावर हलतो, आकडाही हलतो, असं म्हणून सोडून दिलं. एरवी मी असं सोडत नाही. त्या दिवशी सोडलं, कारण एखाद्या गोष्टीची काळजी करायला ती आधी जाणवावी लागते.

मग पहिली मोठी फांदी आली. माणसाच्या कमरेएवढी जाड, चीर गेलेल्या फाट्याच्या वरची.

"बांधलं," बारक्या म्हणाला. जरा थांबून, तोलून म्हणाला, "हजार."

मी ताण वाढवत नेला. हजार. अकराशे. साडेबाराशेवर थांबले.

"घेतलं."

करवत लागली. निलगिरीचं ओलं लाकूड कापताना आवाज आधी चढा असतो, मग जड होतो, शेवटी पुन्हा चढतो. तो पुन्हा चढला आणि एकदम बंद पडला. बूमला हिसका बसला. माझी केबिन पायापासून हलली. कठड्यामागून ती फांदी कुणीतरी झोपेतून दचकून उठावं तशी वर आली आणि झुलायला लागली.

स्क्रीनवर आकडा स्थिर झाला. एक हजार दहा.

"बारक्या?"

उत्तर नाही.

"बारक्या!"

"लटकलाय," मामाचा आवाज. त्या आवाजात खोकला नव्हता. "बेल्टवर आहे. उलटा झालाय. फांदी त्याच्या डोक्यावर झुलतेय. हलवू नको. थांब."

मी थांबले. दोन्ही हात दांड्यांवर, डोळे त्या दिसणाऱ्या एवढ्याशा फांदीवर. खाली, मला न दिसणाऱ्या जागी, सासूबाईंचा उरलेला एक मुलगा दोरीला लोंबकळत होता आणि त्याच्या डोक्यावर टनभर लाकूड मी धरून होते. आणि तेव्हा मला भीती वाटली. दाताची सुई उतरायला लागल्यावर हिरड्यांतून कळ यावी तशी. किती महिन्यांनी मला काही वाटलं होतं, आणि वाटलं ते हे. हात थरथरायला लागले तर संपलं, हे कळत होतं. हात थरथरले नाहीत. बाकी सगळी मी थरथरत होते.

"आता वर घे," मामा म्हणाला. "सावकाश. आणखी. बास. आता तुझ्या उजवीकडे. सावकाश गं बाई. गेली. गेली त्याच्यावरून."

मी फांदी इमारतीवरून आणली, रस्त्यावर ठेवली. हमालांनी पट्टा सोडवला.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. "वहिनी, आहे मी. सरळ झालो. काही नाही, जरासं लागलंय. करवतही शाबूत आहे. पुढचा घेऊ."

"कुठे लागलंय?"

"मांडीला. ओंडक्याचं टोक बसलं. जरासंच."

जरासं. तो शब्द केबिनमध्ये तसाच राहिला. मी तो ऐकत बसले.

"बारक्या, तू किती सांगितलं होतंस?"

"हजार. का, कमी पडलं?"

"हजारच भरली फांदी. मी साडेबाराशे घेतलं होतं."

"साडेबाराशे कशाला?"

"तुझा दादा नेहमी कमी सांगायचा. मी सव्वापट धरायचे."

पलीकडे बेल्टची कडी खणकन वाजली. मला वाटलं, पुन्हा काही झालं की काय.

"वहिनी," तो म्हणाला, "मला ती आठशेच दिसली होती. नजर दादानेच शिकवलीय ना. पण दादाचं कमी भरतं हे मलाही माहीत होतं. म्हणून मीच सव्वापट करून हजार सांगितली."

मामा मागून काहीतरी पुटपुटला. जो माणूस त्या झाडावर नव्हता, कुठेच नव्हता, त्याची चूक आम्ही दोघांनी दोनदा दुरुस्त केली होती. एकमेकांना न सांगता, मोठ्या शहाणपणाने.

"असू दे," बारक्या म्हणाला. "आता कळलं ना. पुढचा घेऊ. फाटा एकदा काढला की काम सोपं आहे."

"खाली ये."

"अगं, जरासं..."

"तुमच्या घरातलं जरासं मला नको सांगूस. खाली ये."

"वहिनी, मॅनेजर बोंब मारेल."

"त्याला मारू दे. दोरावरून उतर. पायावर जोर देऊ नकोस."

मॅनेजर खरंच धावत आला. काम थांबल्याचं त्याला चहाच्या दुकानातूनही कळलं होतं. "काय झालं? का थांबलात? अर्धं झाड ठेवून जाणार का?"

"माझ्या माणसाला लागलंय."

"जास्त?"

"बघायचंय."

"तो स्वतः म्हणतोय ना जरासं! हमालाच्या वॉकीटॉकीवर ऐकलं मी. मग दुसरा कुणी चढवा. दुकानं उघडायचीत मला."

"आहे ना दुसरा," मी केबिनमधून उतरत म्हटलं. "तुम्ही चढा. मी घेते."

त्याने वर पाहिलं. मग हेल्मेट काढून हातात धरलं. मी त्याला सांगितलं की चिरलेल्या फाट्याला आम्ही पट्टे आवळून जातोय, वरचं वजन निघालंय, पण काचेच्या छपराखालचं दुकान आणि मागचं अंगण बंदच राहील, आणि दुसरा चढणारा घेऊन मी परत येईन. तो मान हलवत राहिला. वाईट माणूस नव्हता. त्याच्या मागे दुकानदार होते, माझ्या मागे सासूबाई.

मी बोळातून अंगणात पोचले तेव्हा बारक्या जमिनीवर बसला होता. मामा त्याच्या पायाशी गुडघ्यावर होता. "उभा राहत नाहीये," मामा म्हणाला.

"राहतोय की," बारक्या म्हणाला आणि राहिला नाही.

त्याची पँट मांडीवर एवढी घट्ट झाली होती की मामाला ती चाकूने उसवावी लागली. आत मांडी दुप्पट झाली होती. निळी, चकाकणारी.

दवाखाना तोच. तोच जिना, तीच हिरव्या खुर्च्यांची रांग. मी तिथे बसले. कुणीतरी बारक्याला आत नेलं, फोटो काढले, काहीतरी टोचलं. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने डॉक्टर आले.

"हाड शाबूत आहे. पण आत रक्त साचत चाललं होतं, सगळा पाय दाबला जात होता. असाच आणखी काही वेळ वर लटकून काम केलं असतं तर पाय वाचवणं कठीण होतं. वेळेवर आणलंत."

वेळेवर. याच जिन्याशी मी याच्या उलट वाक्य ऐकलं होतं. मी "हो" म्हटलं.

बारक्याला पाहायला आत गेले तर तो छताकडे बघत पडला होता.

"वहिनी, आता कसं करायचं? मी कमी सांगू की जास्त?"

"आहे ते सांगायचं. दिसेल ते. मीही तेवढंच घेईन. कुणी काही मिळवायचं नाही."

"आणि चुकलं तर?"

"तर तुझं चुकलेलं असेल. किंवा माझं. दादाचं नाही."

त्याने डोळे मिटले. कडेने पाणी उशीवर गेलं. मी ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. त्यालाही तेच हवं असावं.

त्याला पायाला पट्ट्या गुंडाळून संध्याकाळी घरी सोडलं. मामा आणि मी त्याला दोन्ही बाजूंनी धरून पायऱ्या चढवल्या. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना कुणी कळवलं नव्हतं, पण आयांना कळवावं लागत नाही. मामाने त्याला खुर्चीत बसवलं, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवला आणि पाणीसुद्धा न पिता सटकला.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही गं, ज..." बारक्या म्हणाला आणि थांबला. माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा सुरुवात केली. "आई, बराच मार लागलाय. ओंडका मांडीवर आदळला. खूप दुखतंय."

सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं. त्या घरात 'खूप दुखतंय' हे वाक्य कुठल्याच पुरुषाने उच्चारलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांच्या नवऱ्याने नाही, मोठ्याने तर नाहीच नाही.

"माझ्याकडून ताण जास्त झाला, आई," मी म्हटलं. "जसा नेला तसा आणला नाही मी."

त्या काहीतरी लागेल असं बोलतील याची मी वाट पाहत होते. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"आणलास ना," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आल्या तेव्हा हातात बामाची बाटली होती. तीच. माझ्या नवऱ्याची, झाकणाला चीर गेलेली.

"डॉक्टर बर्फ लाव म्हणालेत," बारक्या कुरकुरला.

"बर्फ मांडीला. खांद्याचं काय? बेल्टचा पट्टा उमटलाय बघ." त्यांनी त्याचा शर्ट बाजूला केला, झाकण फिरवलं आणि दोन बोटं बाटलीत घातली.

आणि मला वास आला.

दिवसभर ज्या वासाने गल्लीचं नाक मोकळं झालं होतं, तो मला त्या खोलीत आला. बारक्याच्या कपड्यांना तोच होता, माझ्या केसांना तोच होता, बाटलीत तोच. माझ्या नवऱ्याच्या छातीला तोच होता, उशीला तोच होता, मी बाजूला झोपून तो घेत होते आणि तो म्हणत होता, जराशी सर्दी आहे, झोप तू. मी दाराला धरलं.

सासूबाईंनी मान वर केली. हात खांद्यावरच होता. सवयीने विचारलं त्यांनी. "तू बरी आहेस ना?"

"बरी..." मी म्हटलं.

"वहिनी," बारक्या खुर्चीतून म्हणाला. "आहे ते."

"नाही," मी म्हटलं. "बरी नाहीये, आई. कधीच नव्हते."

सासूबाई सावकाश उठल्या. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मग मला का नाही सांगितलंस? मला वाटायचं, हिला माझ्या पोराचं काही वाटतच नाही. रात्रंदिवस मला हेच वाटायचं. तुझा राग यायचा मला."

"तुम्ही आधीच रडत होता. त्यात माझं कुठे..."

त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अंगठ्यांनी माझे कोरडेच डोळे पुसले. अंगठ्यांना बाम होता. डोळ्यांत आग झाली, घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते थांबेना.

"अगं, डोळ्यात गेलं का?" त्या घाबरून म्हणाल्या.

"जरासं," मी म्हटलं.

माझ्याही नकळत गेला तो शब्द. खुर्चीवरून बारक्याने तोंड फिरवलं.

"त्याचंच बोलणं," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी मला जवळ ओढलं, स्वतःच्या अंगावर माझा सगळा भार घेतला, आणि मी तो दिला.